प्रस्तावना : ब्रेक नसलेल्या गाडीवरचे आठ जगज्जेते

स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेक नसतो. गिअर बदलायची सोय नसते. एकच गिअर, एक क्लच, एका सिलिंडरचे ५०० सीसीचे इंजिन आणि मिथेनॉल भरलेली छोटी टाकी, एवढाच तिचा संसार. अशा चार गाड्या लंबगोल मातीच्या ट्रॅकवर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार फेरे मारतात आणि साधारण मिनिटाभरात शर्यत संपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. खेळ समजायला एवढे नियम पुरतात.

अवघड असते ते वळण. ब्रेक नाही म्हटल्यावर वेग कमी करायचा तो गाडी आडवी घालून. सरळ पट्टा संपायच्या आधीच स्वार गाडी डावीकडे लोटतो. मागचे चाक माती उडवत बाहेरच्या बाजूला घसरू लागते आणि पुढचे चाक चक्क उजवीकडे, म्हणजे वळणाच्या विरुद्ध, वळलेले असते. डाव्या बुटाला पोलादी तळ बांधलेला असतो. तो जमिनीवर घासत स्वार तोल राखतो. सगळी मदार उजव्या मुठीवर. मूठ सोडली, तर घसरणारे चाक एकदम जमीन पकडते आणि गाडी बाहेरच्या कठड्याकडे धाव घेते. जास्त पिळली, तर मागचे चाक पुढे येते आणि स्वार मातीत. एका शर्यतीत अशी आठ वळणे येतात आणि प्रत्येक फेऱ्यागणिक माती बदलते. मघाशी ओली असलेली कड सुकते, आतल्या बाजूला खड्डे पडतात, मोकळी माती बाहेर साठते. कुठल्या क्षणी कुठे पकड मिळेल हे ज्याला वाचता येते, तो मागून पुढे जातो.

मराठी वाचकाने हा खेळ बहुधा पाहिलेला नसतो. पण या पुस्तकातला वाद त्याच्या ओळखीचा आहे. विजय मर्चंट थोर, की गावसकर, की तेंडुलकर? कट्ट्यावर हा प्रश्न निघाला की रात्र सरते आणि निकाल लागत नाही. हेल्मेटशिवाय वेगवान गोलंदाजी खेळणारा आणि हेल्मेट घालून खेळणारा यांना एका तागडीत कसे घालायचे, हा त्यातला खरा पेच. स्पीडवेत हाच पेच दामदुपटीने येतो, कारण क्रिकेटच्या बॅटपेक्षा स्पीडवेचे इंजिन फार जास्त बदलले आहे आणि जगज्जेता ठरवायची पद्धत तर मुळापासून बदलली आहे.

मातीच्या ट्रॅकवरच्या संघटित शर्यतींचा उगम सहसा ऑस्ट्रेलियात धरला जातो. न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंड येथे डिसेंबर १९२३ मध्ये जॉनी हॉस्किन्स यांनी जत्रेच्या मैदानावर अशा शर्यती भरवल्या. ब्रिटनमध्ये खेळ रुजला तो १९ फेब्रुवारी १९२८ रोजी, लंडनच्या ईशान्येला एपिंग जंगलातल्या हाय बीच येथे. एका दारूच्या गुत्त्यामागच्या ट्रॅकवर अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली आणि त्या वर्षअखेरपर्यंत देशभर ट्रॅक उभे राहिले. १९२९ मध्ये लीग सुरू झाल्या आणि १९३० मध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी सामने. औद्योगिक शहरांतल्या कामगाराला संध्याकाळी कामावरून सुटल्यावर परवडेल असा हा तमाशा होता. धूर, एरंडेलाच्या वंगणाचा जळका वास आणि दर काही मिनिटांनी नवा निकाल. कुत्र्यांच्या शर्यतींसाठी बांधलेली स्टेडियम त्याला आयती मिळाली. हे भाडोत्री घर पुढे त्याच्या मुळावर आले.

१९३६ मध्ये वेम्बलीला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथपासूनच तुलनेचा घोळ सुरू होतो. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन त्या रात्री पाचही शर्यती जिंकला, तरी तिसरा ठरला, कारण आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण अंतिम गुणांत मिळवायचे होते. ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग आणि इंग्लंडचा एरिक लँग्टन यांची बरोबरी झाली आणि जादा शर्यतीत व्हॅन प्राग जिंकला. म्हणजे त्या संध्याकाळी कोणाकडूनही न हरलेला माणूस जगज्जेता झाला नाही, आणि एक ब्रिटिश स्वार एका शर्यतीने हुकला. लँग्टनचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. विजेतेपदे मोजून थोरवी ठरवणाऱ्यांनी ही पहिली रात्र लक्षात ठेवलेली बरी.

महायुद्धामुळे १९३९ ची अंतिम लढत रद्द झाली. पुढची दहा वर्षे जगज्जेता नव्हता. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू ट्रॅकवर मात्र युद्धकाळातही शर्यती चालू राहिल्या. शांतता आल्यावर प्रेक्षकांचा महापूर आला. १९४९ मध्ये जागतिक स्पर्धा परतली, तेव्हा वेम्बलीच्या नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर पहिले तिन्ही क्रमांक इंग्रज स्वारांनी घेतले : टॉमी प्राइस, जॅक पार्कर, लुई लॉसन. प्राइस पंधरापैकी पंधरा गुण मिळवून पहिला ब्रिटिश जगज्जेता ठरला. पुढल्या वर्षी वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचा फ्रेडी विल्यम्स जिंकला आणि १९५३ मध्ये पुन्हा जिंकला.

मग ओहोटी. करमणूक कराचे ओझे, घराघरांत आलेला दूरदर्शन संच आणि १९५७ मध्ये वेम्बलीचे सर्वेसर्वा आर्थर एल्विन यांच्या निधनानंतर वेम्बली लायन्स या बड्या संघाची माघार यांनी लीग मोडकळीला आली. १९६५ मध्ये दोन लीग एकत्र करून अठरा संघांची ब्रिटिश लीग उभी राहिली तेव्हा खेळाने पुन्हा बाळसे धरले. या एकत्रीकरणाचा एक परिणाम तुलनेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तरुण स्वारांची दर आठवड्याला जगज्जेत्यांशी गाठ पडू लागली. गावातला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा बुधवारी आयव्हन मॉगरच्या शेजारी सुरुवातीच्या टेपपाशी उभा राही आणि शनिवारी ओले ओल्सेनच्या. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये उत्तम स्वारांचे जे पीक आले ते या मशागतीचे फळ होते.

गाडीचे युगही या काळाला समांतर बदलत गेले. सुरुवातीला ट्रॅकवर कोळशाच्या राखेचा जाड थर असे आणि स्वार डावा पाय मागे फरपटत जवळजवळ आडवा होऊन वळण घेई. १९३० च्या दशकात थर पातळ झाला, जेएपी कंपनीचे हलके इंजिन सगळीकडे आले आणि डावा पाय पुढे टाकून, अंग सरळ ठेवून जाणारी शैली जिंकली. याच दशकात ढकलत सुरुवात करायची पद्धत जाऊन वर उडणाऱ्या टेपचे गेट आले. त्याने खेळाचा अर्धा जीव पहिल्या तीस मीटरमध्ये आणून ठेवला. आजही शर्यतीआधी स्वार आपल्या चाकापुढची माती बुटाने कुदळल्यासारखी उकरताना दिसतो. चाकाला टेकू मिळावा म्हणून ही बागकाम केल्यासारखी खटपट चालते. इंजिन ओरडत असते, क्लच दोन बोटांवर तोललेला असतो आणि डोळे टेपच्या खुंटीवर. टेप हलली की सुटायचे. हलण्याआधी सुटला तर बाद.

जेएपीची सद्दी तीन दशके टिकली. १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या एसो आणि मग जावा इंजिनांनी ती मोडली. १९७० च्या दशकाच्या मध्यात ससेक्समधल्या वेस्लेकने चार व्हॉल्व्हचे इंजिन आणले आणि एका फटक्यात सगळ्यांना नवीन इंजिने विकत घ्यावी लागली. त्यानंतर इटलीचे जीएम आले, आणि १९९० च्या दशकात उभ्या इंजिनाची जागा आडव्या बसवलेल्या इंजिनाने घेतली. आडव्या इंजिनाची गाडी आणि जेएपीची गाडी दिसायला भावंडे वाटली तरी चालवायला ती वेगळी जनावरे आहेत. जेएपीवर वळणात सबुरी लागे. नव्या गाडीची ताकद मातीवर उतरवणे हेच मुख्य कसब, आणि त्यात गॅरेजमधल्या मिस्त्रीचा वाटा स्वाराइतकाच. त्यामुळे जुना स्वार नव्या गाडीवर किती वेगवान ठरला असता, हा प्रश्न रंजक असला तरी पोकळ आहे. ट्रॅकची नोंदलेली वेळही कामाची नाही. ओली माती, कोरडी माती, बदललेली वळणे आणि बदललेले टायर यांनी तिचा अर्थ पुसून टाकला आहे.

जगज्जेता ठरवण्याच्या पद्धतीने मात्र खरा फरक पडतो. १९९४ पर्यंत सगळा फैसला जवळजवळ दरवर्षी एका रात्रीत होई. सोळा स्वार, वीस शर्यती, प्रत्येकाला पाच. रचना मोठी सुरेख होती. पाच शर्यतींत दर वेळी तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे प्रत्येकाची उरलेल्या पंधरांशी बरोबर एकदाच गाठ पडे. पण साखळी तुटली, टायर फुटला किंवा टेपला हेल्मेट लागले, की तीन गुण गेले आणि त्यांच्याबरोबर वर्ष गेले. १९९५ पासून स्पीडवे ग्रां प्री आली. हंगामभर वेगवेगळ्या देशांत फेऱ्या होतात, गुणांची बेरीज होते, आणि एका वाईट रात्रीची भरपाई करता येते. जुनी पद्धत धीराची परीक्षा घेई, नवी पद्धत सातत्याची. ब्रिटनचा मार्क लोरम २००० मध्ये ग्रां प्रीची एकही फेरी न जिंकता जगज्जेता झाला. सुरुवातीचा बोनस गुणांचा प्रकार सोडला, तर जुन्या पद्धतीत असा विजय शक्यच नव्हता, कारण तिथे जी रात्र जिंकायची ती एकच होती.

आता ‘ब्रिटिश’ या शब्दाकडे. तो दिसतो तितका सोपा नाही. १९६४ पासून सांघिक जागतिक स्पर्धेत उतरणाऱ्या ग्रेट ब्रिटनच्या संघात राष्ट्रकुलातले स्वारही घेतले जात. न्यूझीलंडचे बॅरी ब्रिग्ज आणि आयव्हन मॉगर हे त्या संघाचे खांब होते. ब्रिग्जने ब्रिटिश अजिंक्यपद सहा वेळा जिंकले, मॉगरने चार वेळा. त्यांची कारकीर्द ब्रिटिश लीगमध्ये घडली, घरे इंग्लंडमध्ये होती, पण जागतिक विजेतेपदांच्या यादीत ते न्यूझीलंडचेच. उलट लोरमचा जन्म माल्टातला आणि ताय वॉफिंडेन स्कन्थॉर्पला जन्मून ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वाढला. दोघेही निःसंशय ब्रिटिश. प्रस्तुत पुस्तकाने ज्या देशाच्या नावाने स्वार वैयक्तिक जागतिक स्पर्धेत उतरला तो त्याचा देश, असा साधा निकष धरला आहे. त्या हिशेबाने आठ ब्रिटिश जगज्जेते होतात आणि त्यांची बारा विजेतेपदे : प्राइस (१९४९), विल्यम्स (१९५०, १९५३), पीटर क्रेव्हन (१९५५, १९६२), पीटर कॉलिन्स (१९७६), मायकेल ली (१९८०), गॅरी हॅव्हलॉक (१९९२), लोरम (२०००) आणि वॉफिंडेन (२०१३, २०१५, २०१८).

या यादीत एकही स्त्री नाही, आणि ते योगायोगाने घडलेले नाही. पहिल्या दोन हंगामांत आयर्लंडची फे टेलर आणि यॉर्कशरची इव्हा अ‍ॅस्क्विथ पुरुषांच्या बरोबरीने धावत, जिंकतही. १९३० मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांना बंदी घातली गेली. थोर कोण याची चर्चा करताना निम्म्या समाजाला शर्यतीतूनच बाद केले होते, हे विसरून चालत नाही.

थोरवी मोजणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ आहेत. पहिला विजेतेपदे मोजणाऱ्यांचा. त्याचा निकाल झटपट लागतो : वॉफिंडेन पहिला, विल्यम्स आणि क्रेव्हन दुसरे, विषय संपला. दुसरा सरासरीवाल्यांचा. ब्रिटिश लीगमध्ये प्रत्येक स्वाराची सामना-सरासरी काढतात. गुण आणि बोनस गुण मिळवायचे, शर्यतींच्या संख्येने भागायचे आणि चाराने गुणायचे. संघातल्या जोडीदाराच्या लगेच मागे आलेल्या स्वाराला बोनस मिळतो, कारण त्याने आपल्याच माणसाला अडवले नाही. समजा, साठ शर्यतींत १५० गुण आणि १० बोनस; तर १६० भागिले ६० गुणिले ४, म्हणजे १०.६७. बारा ही कमाल. दहाच्या वर असलेला स्वार संघाचा आधारस्तंभ. हा आकडा एका हंगामातल्या दोन स्वारांसाठी उत्तम, पण दोन काळांतल्या स्वारांसाठी फसवा. १९७० च्या दशकात लीगमध्ये जगातले बहुतेक सर्व अव्वल स्वार होते. आज ते पोलंडच्या एक्स्ट्रालीगात असतात, कारण पैसा तिथे आहे. त्या काळच्या दहाची किंमत आजच्या दहाहून जास्त.

तिसरा पंथ डोळ्यांनी पाहिलेल्यांचा. त्यांच्याकडे आकडे नसतात. ‘तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, म्हणून असं बोलता,’ हे त्यांचे ठेवणीतले वाक्य. वैताग आणणारे असले तरी ते खोटे नाही. स्पीडवेत कोण जिंकला हे कागद सांगतो. कसा जिंकला, आतून की बाहेरून, गेटवरून की चौथ्या स्थानावरून, हे सांगणारा कागद क्वचितच असतो. प्रस्तुत पुस्तक या पंथाला इतर दोघांपेक्षा थोडा जास्त मान देते, मात्र साक्षीदाराची उलटतपासणी करूनच. लहानपणी पाहिलेला नायक नेहमीच थोडा उंच असतो.

पुस्तकाचा स्वतःचा निकष असा : स्वाराला त्याच्याच काळातल्या सर्वोत्तम प्रतिस्पर्ध्यांशी ताडून पाहावे. गाडी, माती, पद्धत यांचा फरक इथे आपोआप गळतो, कारण त्याच्यासमोरच्यांनाही तीच गाडी, तीच माती आणि तीच पद्धत होती.

या निकषावर पीटर क्रेव्हन ज्या उंचीवर जातो, तिथे त्याची दोन विजेतेपदे त्याला नेत नाहीत. लिव्हरपूलचा हा किरकोळ बांध्याचा माणूस बेल व्ह्यूसाठी धावे. गाडीच्या मानाने तो इतका लहान दिसे, की वळणात गाडी त्याला नेते आहे की तो गाडीला, असा प्रश्न पडावा. त्याचे वजन हेच त्याचे सुकाणू होते. पुढे सरकून, मागे रेलून, कधी गाडीबाहेर लटकून तो माती शोधी. लोकांनी त्याला ‘तोलाचा जादूगार’ म्हटले. आता समोर कोण होते ते पाहावे. १९५४ ते १९६४ या अकरा वर्षांत जागतिक विजेतेपद फक्त चौघांकडे फिरत राहिले : न्यूझीलंडचे रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज, स्वीडनचा ओवे फुंडिन आणि क्रेव्हन. फुंडिनने कारकिर्दीत पाच विजेतेपदे मिळवली, ब्रिग्जने चार. या चौकडीत टिकलेला एकटा ब्रिटिश म्हणजे क्रेव्हन. त्याच्या आधीचे ब्रिटिश विजेतेपद १९५३ चे, नंतरचे थेट १९७६ चे. मधल्या बावीस वर्षांत ब्रिटनचा जगज्जेता म्हणून दुसरे नाव नाही.

२० सप्टेंबर १९६३ रोजी एडिंबरोच्या ओल्ड मेडोबँक ट्रॅकवर त्याच्यासमोर एक स्वार पडला. त्याला चुकवायला क्रेव्हनने गाडी वळवली आणि तो कठड्यावर आदळला. चार दिवसांनी तो गेला. वय २९. गतवर्षीचाच जगज्जेता होता तो. मूर, ब्रिग्ज आणि फुंडिन यांना जी वर्षे मिळाली, ती त्याला मिळाली नाहीत.

पीटर कॉलिन्सची गोष्ट वेगळी. मँचेस्टरजवळच्या शेतकरी घरातले पाच भाऊ, पाचही स्पीडवे स्वार. पीटर त्यांतला सर्वांत नावाजलेला. १९७६ मध्ये पोलंडमधल्या होझूफच्या प्रचंड स्टेडियममध्ये वेस्लेक इंजिनावर तो जगज्जेता झाला आणि दुसरा आला तोही इंग्रज, माल्कम सिमन्स. कॉलिन्स बाहेरून जाई. सगळे आतल्या पांढऱ्या रेषेला चिकटून असताना तो कठड्यालगतच्या मोकळ्या मातीत गाडी घाली आणि तिथली पकड वापरून दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना दोघांना मागे टाकी. १९७७ मध्ये जखमी पायाने उतरून तो मॉगरच्या मागे दुसरा आला. त्याच्याकडून आणखी दोन-तीन विजेतेपदांची अपेक्षा होती, आली नाहीत. पण १९७१ ते १९७५ ही पाच वर्षे सलग आणि पुन्हा १९७७ आणि १९८० मध्ये जागतिक सांघिक विजेतेपद ब्रिटन किंवा इंग्लंडकडे आले, त्यातल्या उत्तरार्धाचा कणा कॉलिन्सच होता. संघासाठी धावणे हा थोरवीचा निकष धरला, तर त्याच्याशी बरोबरी करणारा ब्रिटिश स्वार सापडणे कठीण.

मायकेल ली १९८० मध्ये गोथेनबर्गला जगज्जेता झाला तेव्हा २१ वर्षांचा होता. डेव्ह जेसप दुसरा आला. लीकडे उपजत देणगी सगळ्यांत जास्त होती असे म्हणणारे कमी नाहीत, आणि ती त्याने उधळली असे म्हणणारे त्याहून जास्त. १९८३ मध्ये तो तिसरा आला, तेव्हा पंचविशीचाही नव्हता; नंतर पहिल्या तिघांत पुन्हा दिसला नाही. हॅव्हलॉक १९९२ मध्ये व्रोत्सवाफला जिंकला, ती बारा वर्षांच्या दुष्काळानंतरची सर होती. त्याच्या कारकिर्दीचे एकच शिखर आहे, पण ते निर्विवाद आहे. प्राइस आणि विल्यम्स यांच्या विजयांबाबत कधी कधी म्हटले जाते, की युद्धामुळे परदेशी स्पर्धा पातळ झाली होती. हे अर्धेच खरे. ऑस्ट्रेलियाचे स्वार तेव्हाही दर हंगामात येत होते, आणि १९५१ आणि १९५२ ही दोन्ही वर्षे ऑस्ट्रेलियाच्या जॅक यंगने जिंकली. त्याच्या दोन्ही बाजूंना विल्यम्सची विजेतेपदे आहेत. त्यांचे मोल कमी लेखायचे कारण नाही.

लोरमवर ‘एकही फेरी न जिंकलेला विजेता’ हा शिक्का बसला आणि तो अन्यायाचा आहे. तो गेटवर मंद होता. सुटताना मागे पडायचे आणि मग तीन-साडेतीन फेऱ्यांत एकेकाला गाठायचे, हा त्याचा जवळजवळ नित्यक्रम. अंतिम शर्यत जिंकायला सुरुवात लागते, पण हंगामभर गुण जमवायला हार न मानणारा स्वभाव पुरतो. नव्या पद्धतीने ज्याला न्याय दिला असा पहिला ब्रिटिश स्वार तो. जुन्या पद्धतीत तो बहुधा ‘गुणी, पण दुर्दैवी’ यांच्या यादीत गेला असता.

वॉफिंडेनची बाजू मांडायला आकडेच पुरेत. तीन वैयक्तिक विजेतेपदे मिळवणारा तो पहिला आणि आजवरचा एकमेव ब्रिटिश स्वार. तीही सहा वर्षांच्या काळात, हंगामभर चालणाऱ्या स्पर्धेत, जिथे नशिबाला जागा कमी. वडील रॉब स्वतः स्पीडवे स्वार. २०१० मध्ये कर्करोगाने गेले. त्याच वर्षी वॉफिंडेनचा ग्रां प्रीतला पहिला पूर्ण हंगाम अपयशी ठरला होता. २०१३ मध्ये तो पात्रतेतून आला नव्हता, निवड समितीने दिलेल्या जागेवर आला होता, आणि मोडलेल्या गळपट्टीच्या हाडानिशी जिंकून गेला. त्याच्या विरोधात एकच मुद्दा काढला जातो, की त्याने ब्रिटिश ट्रॅकपेक्षा पोलंडमध्ये जास्त घाम गाळला. पण काळ तसा होता. जिथे सर्वोत्तम स्वार असतात तिथे जाऊन त्यांना हरवणे यालाच या पुस्तकाने निकष मानले आहे.

यादीबाहेरच्यांसाठीही जागा राखली आहे. जॅक पार्कर १९२८ पासून धावत होता, १९४९ ला दुसरा आला तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि युद्धाने त्याची जी वर्षे खाल्ली ती परत देता येत नाहीत. १९५३ चा उपविजेता स्प्लिट वॉटरमन, १९८२ ला लॉस एंजेलिसमध्ये दुसरा आलेला लेस कॉलिन्स, आणि लांब ट्रॅकवर पाच वेळा जगज्जेता होऊनही स्पीडवेत १९८९ च्या दुसऱ्या क्रमांकावर थांबलेला सायमन विग हे सगळे एखाद-दुसऱ्या शर्यतीने दुसऱ्या यादीत राहिले. ब्रिटिश अजिंक्यपद सात वेळा जिंकणारा स्कॉट निकोल्स जागतिक विजेतेपदापर्यंत पोहोचला नाही. देशात अव्वल आणि जगात अव्वल यांच्यातले अंतर मोजायला त्याची कारकीर्द फूटपट्टीसारखी उपयोगी पडते.

हा हिशेब आताच मांडायला हवा, त्याची कारणे रोकडी आहेत. १९६२ मध्ये दहा वर्षांचा असलेला प्रेक्षक आज सत्तरी ओलांडून गेला आहे. क्रेव्हनला पाहिलेले डोळे झपाट्याने मिटत आहेत. ट्रॅकही मिटत आहेत. बेल व्ह्यूचे जुने हाइड रोड स्टेडियम १९८७ मध्ये गेले, कॉव्हेंट्रीच्या ब्रँडनवर २०१६ नंतर लीगची शर्यत झाली नाही, आणि वॉफिंडेन ज्या संघात असताना पहिल्यांदा जगज्जेता झाला त्या वॉल्व्हरहॅम्प्टनचे दार २०२३ च्या हंगामानंतर बंद झाले. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मालक कधी बाहेर काढील याचा नेम नसतो. दुसरीकडे मँचेस्टरला २०१६ मध्ये खास या खेळासाठी नवे स्टेडियम उभे राहिले, आणि तिथेच २०२१ मध्ये रॉबर्ट लँबर्ट, डॅन ब्यूली आणि टॉम ब्रेनन यांनी ब्रिटनला १९८९ नंतरचे पहिले जागतिक सांघिक विजेतेपद मिळवून दिले. याच काळात पोलंडच्या बार्तोश ज्मार्झलिकने वैयक्तिक विजेतेपदांचा सपाटा लावला आहे. पुढच्या ब्रिटिश जगज्जेत्याला त्याच्याशी ताडून पाहिले जाईल.

पुस्तक काळाच्या क्रमाने जाते, पण चरित्रकोश होण्याचे टाळते. प्रत्येक काळाची गाडी, माती आणि स्पर्धेची रीत आधी समजावून दिली आहे आणि मगच माणूस समोर आणला आहे. अपघात आणि मृत्यू आवश्यक तेवढेच आले आहेत. त्यांचे रसभरीत वर्णन नाही. एक ते आठ अशी क्रमवारी शेवटी दिलेली नाही, मात्र कौल लपवलेलाही नाही. सर्वांत यशस्वी ब्रिटिश स्वार वॉफिंडेन, संघासाठी सर्वांत मोलाचा कॉलिन्स, आणि आपल्या काळातल्या सर्वांत कठीण चौकडीत उभा राहिलेला, म्हणून सर्वांत थोर, क्रेव्हन. हे ज्याला पटणार नाही त्याने उलट बाजूचे पुरावे याच पानांतून काढावेत. ते मुद्दाम ठेवले आहेत.

हा खेळ कधीच न पाहिलेल्या वाचकाने पहिले पान उलटण्याआधी कुठल्याही एका शर्यतीची चित्रफीत पाहावी. मिनिटाभराचे काम आहे. नजर मात्र पुढे गेलेल्या स्वारावर ठेवू नये. तिसऱ्या क्रमांकावर असलेल्याकडे पाहावे, आणि तो दुसऱ्या वळणात माती कुठे शोधतो आहे ते पाहावे.